पहिल्या ट्रायथलॉनला निघालात? वळणावर उभ्या असलेल्या पोरापासून सुरुवात करा

पहिली ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ असलेली शर्यत, करायला निघालेली मंडळी माझ्याकडे येतात ती सायकल कोणती घेऊ, पोहताना दम लागतो त्याचं काय करू आणि पहाटे काय खाऊन निघू, हे विचारायला. शर्यतीत वागायचं कसं, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. त्यामुळे एरवी चारचौघांत तोलून बोलणारी माणसं सकाळी साडेआठ वाजता पाण्याच्या टेबलामागच्या मुलीवर खेकसताना मी पाहिली आहेत. एकदा मीही खेकसलो आहे, ते पुढे सांगतोच.

आपल्या खान्देशात अशी शर्यत भरते तेव्हा ती लहान असते. शे-दीडशे स्पर्धक, त्यातले बहुतेक स्प्रिंट अंतराचे : ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. थोडे जण ऑलिंपिक अंतराचे, म्हणजे दीड किलोमीटर, ४० आणि १०. एवढ्यांसाठी पाण्यात होड्या घेऊन भोई आणि कोळी बांधव असतात, फाट्याफाट्यावर राष्ट्रीय सेवा योजनेची (रासेयोची) नाहीतर एनसीसीची मुलं असतात, टेबलांवर धावणाऱ्यांच्या घरचीच माणसं आणि जवळच्या गावातल्या ताई असतात. यातल्या बहुतेकांना मिळतो एक टी-शर्ट, पोहे आणि चहा. पहाटे साडेचारला, कान बांधून, ती तिथे हजर असतात आणि तुम्ही पदक गळ्यात घालून घरी पोहोचता तेव्हा ती रस्त्यावरचे ग्लास वेचत असतात.

नाव नोंदवलं, आता रस्ता पाठ करा

आयोजक मार्गाचा नकाशा आणि नियमांचं पत्रक पाठवतात. ते वाचा. शक्य असेल तर आदल्या रविवारी सायकलच्या मार्गावर एक फेरी मारून या. फाटे कुठे आहेत, गतिरोधक कुठे आहे, गाव कुठे लागतं, कोणत्या वस्तीजवळ कुत्री अंगावर येतात, हे डोळ्यांनी पाहा. ट्रायथलॉनच्या नियमांत एक गोष्ट स्पष्ट आहे : मार्ग माहीत असणं ही स्पर्धकाची जबाबदारी. वळणावरचा स्वयंसेवक मदतीला असतो. तो चुकला, दिसला नाही किंवा दुसरीकडे पाहत होता, तरी चुकीच्या रस्त्याने गेल्याचा हिशोब तुमच्याच नावावर.

हे मला पत्रक वाचून कळलं असतं तर बरं झालं असतं. एका शर्यतीत सायकलच्या दुसऱ्या फेरीत मी सरळ जायचं तिथे डावीकडे वळलो. फाट्यावर लाल झेंडी घेऊन एक मुलगा होता, अकरावी-बारावीतला असेल. मी आलो नेमका तेव्हाच केळीचे घड भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर चढत होता आणि तो मुलगा त्याला थांबवायला धावला होता. मी दीडेक किलोमीटर पुढे गेलो, रस्ता ओळखीचा वाटेना म्हणून परत फिरलो आणि त्याच्याजवळ येऊन सगळ्यांदेखत ओरडलो, "झोपा काढायला उभं केलंय का तुला?" तो काहीच बोलला नाही. झेंडी घेऊन तसाच उभा राहिला.

शर्यत संपल्यावर पंचांनी मला नियमाचं पान दाखवलं. ट्रॅक्टरचं तेव्हा कळलं, कारण माझ्या मागून येणाऱ्या चौघांनी त्या मुलाचे आभार मानले होते. पुढच्या आठवड्यात मी त्याच्या कॉलेजवर गेलो आणि त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "सर, मला वाटलं तुमचा नंबर माझ्यामुळे गेला." आठ दिवस तो पोरगा ते ओझं घेऊन फिरत होता. माझा नंबर तसाही येणार नव्हता, पण तो येणार असता तरी काही फरक पडत नव्हता.

अशी चूक मोठमोठ्यांकडून होते. २०२० च्या सप्टेंबरमध्ये स्पेनमधल्या सांतांदेरच्या ट्रायथलॉनमध्ये जेम्स टीगल हा ब्रिटिश स्पर्धक शेवटच्या काही मीटरवर, तिसऱ्या क्रमांकावर असताना, वळण चुकला. मागून येणारा स्पेनचा दिएगो मेंत्रिदा पुढे निघून गेला. मागे वळून पाहिलं तेव्हा काय झालं ते त्याच्या लक्षात आलं. तो रेषेच्या अलीकडे थांबला आणि टीगलला आधी जाऊ दिलं. आयोजकांनी मेंत्रिदालाही तिसऱ्या क्रमांकाचा मान आणि तेवढीच बक्षिसाची रक्कम दिली. त्याला थांबायला सांगणारा कोणताही नियम नव्हता.

आदला दिवस : बिब, चिप आणि ब्रीफिंग

बिब म्हणजे अंगावर लावायचा क्रमांक, चिप म्हणजे तुमची वेळ नोंदवणारा पट्टा. ती घ्यायला ओळखपत्र घेऊन जा, ठरलेल्या वेळेत जा. खिडकी सहाला बंद होणार असेल तर पावणेसहाला फोन करून "मी भुसावळहून निघालोय, थांबवून ठेवा" म्हणू नका. रांगेत आपला हुद्दा सांगू नका. आणि दुसऱ्याच्या नावाचा बिब लावून कधीही धावू नका. त्या क्रमांकापुढे रक्तगट आणि घरच्यांचा फोन नोंदवलेला असतो. तुम्ही रस्त्यावर पडलात तर फोन भलत्याच्या घरी जाईल आणि डॉक्टरांपुढे भलत्याचा रक्तगट येईल.

चिप डाव्या घोट्याला बांधा. सायकलची साखळी उजव्या बाजूला असते, तिथे ती अडकू शकते.

ब्रीफिंगला, म्हणजे आयोजक मार्ग आणि नियम समजावून सांगतात त्या बैठकीला, बसा. पुढच्या ओळीत बसा. शंका तिथे विचारा. पहाटे पाचला सायकली लावायच्या जागेच्या दारावरच्या मुलीला विचारू नका, तिला फक्त दाराचं काम दिलेलं असतं.

पहाट : ट्रान्झिशन

ट्रान्झिशन म्हणजे सायकली लावायची, कपडे-बूट बदलायची जागा. आत फक्त स्पर्धक. तुमचे मित्र, पत्नी, प्रशिक्षक यांना दारावर अडवलं तर अडवणाऱ्याशी वाद घालू नका. लाखाची सायकल उघड्यावर ठेवून तुम्ही पाण्यात उतरणार असता आणि ती परत जागेवर मिळते ती याच पोरांनी कोणालाही आत सोडलं नाही म्हणून.

आपल्या रॅकवर आपल्या सायकलीएवढीच जागा घ्या. शेजाऱ्याची सायकल सरकवायची असेल तर त्याला विचारा. हेल्मेटचा पट्टा सायकल रॅकवरून काढण्याआधी लागलेला हवा आणि सायकल परत रॅकवर लागेपर्यंत सुटता कामा नये. यासाठी स्वयंसेवकाने हटकलं तर तो तुमचा दंड वाचवतोय. आणि त्यांना हाक मारताना "ए", "ओ टी-शर्टवाला" नको. भाऊ, दादा, ताई म्हणायला आपल्याकडे काही शिकवावं लागत नाही, धावपळीत ते विसरतं एवढंच.

पाण्यात

सगळ्यात मोठी जबाबदारी इथे आहे, तुमचीही आणि त्यांचीही. धरणाचं किंवा तलावाचं पाणी गढूळ असतं, तळ दिसत नाही, जळगाव-धुळ्याच्या पोहण्याच्या तलावांत सराव केलेल्या माणसाला पहिल्या शंभर मीटरमध्ये धडकी भरते. ती बहुतेकांना भरते. तसं झालं तर पाठीवर व्हा, श्वास लागू द्या. तरी जमत नसेल तर एक हात वर करा. होडी येईल. होडीला किंवा बोयाला, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला, धरून दम खाणं नियमात बसतं. तिला धरून पुढे सरकणं बसत नाही. दम खाऊन झाला की परत पोहा, तुम्ही बाद झालेले नसता. नवख्यांना हे माहीतच नसतं, म्हणून ते हात वर करायला लाजतात.

होडीतला माणूस काही सांगत असेल तर ऐका. त्याला ट्रायथलॉनचा नियम माहीत नसेल, पण पाणी त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. कुठे गाळ आहे, कुठे जुन्या बाभळीची खोडं पाण्याखाली आहेत, वारा कोणत्या अंगाने सुटतो, हे त्याने वर्षानुवर्षं जाळी टाकून पाहिलेलं असतं.

सुरुवातीच्या गर्दीत हातपाय लागतात. चुकून लागलेला हात सोडून द्या. मुद्दाम कोणाच्या पायावरून जाऊ नका. तुम्ही हळू पोहत असाल तर सुरुवातीला मागे आणि कडेला उभे राहा, तुमच्याही छातीतली धडधड कमी होईल.

आता एक गोष्ट जी मी प्रत्येक नवख्याला हात धरून सांगतो. मध्येच सोडून द्यायचं ठरवलंत, तर कोणाला तरी सांगून जा. पाण्यात किती उतरले आणि किती बाहेर आले हे मोजलं जातं. एका शर्यतीत मी काठावर मोजणीला होतो. आकडा एकाने कमी आला. पुन्हा मोजलं, पुन्हा कमी. होड्या परत आत गेल्या. दोन नावाडी थंडीत पाण्यात उतरून बांबूने तळ चाचपू लागले. रासेयोची एक मुलगी माझ्या शेजारी उभी राहून रडत होती, कारण पोहणाऱ्यांच्या डोक्यावरच्या टोप्या मोजण्याचं काम तिच्याकडे होतं आणि आपलंच चुकलं असं तिला वाटत होतं. जवळजवळ पाऊण तासाने कळलं की तो स्पर्धक अर्ध्यातून काठाकाठाने बाहेर आला होता, बॅग घेऊन गाडीत बसला होता आणि घरी पोहोचून झोपला होता. त्याला कोणाला त्रास द्यायचा नव्हता. त्याला फक्त लाज वाटली होती.

सोडून देण्यात लाज नाही. जवळच्या कोणत्याही स्वयंसेवकाला तुमचा नंबर सांगा, "मी थांबतोय" म्हणा, चिप त्याच्या हातात द्या, मग घरी जा. पाण्यातच नाही, सायकलवर आणि धावतानाही हेच.

सायकल

हौशी शर्यतीत बहुतेक ठिकाणी ड्राफ्टिंगला बंदी असते. पुढच्याच्या मागे चिकटून राहिलं की वारा तो खातो आणि तुमची ताकद वाचते; म्हणून अंतर राखायचं. छोट्या अंतराच्या शर्यतीत ते साधारण १० मीटर असतं, लांब अंतराच्या शर्यतीत १२ मीटर, दोन्ही सायकलींच्या पुढच्या चाकाच्या पुढच्या कडेपासून मोजलेलं. डोळ्याने ओळखायचं तर १० मीटरच्या नियमात मध्ये चार-पाच सायकली एकामागे एक मावतील एवढी मोकळी जागा हवी, १२ मीटरच्या नियमात आणखी एखादी. पुढे जायचं असेल तर १० मीटरच्या नियमात २० सेकंदांत आणि १२ मीटरच्या नियमात २५ सेकंदांत जाऊन मोकळं व्हायचं. तुम्हाला कोणी मागे टाकलं तर आता मागे सरकणं तुमचं काम, त्याच्या चाकाला लटकायचं नाही. तुमच्या शर्यतीचा आकडा पत्रकात पाहून घ्या.

लहान शर्यतीत प्रत्येक किलोमीटरवर पंच नसतो. एखाद्या सरळ रस्त्यावर तुम्ही आणि पुढचा, दोघंच असता, दोन्हीकडे कापसाची रानं, कोणी पाहत नाही. तिथे अंतर राखणं हीच खरी खिलाडूवृत्ती, असं माझं ठाम मत आहे. सोबतच्या स्पर्धकांना सगळं दिसतं, आणि पुढच्या वर्षी तेच तुमच्या शेजारी सायकल लावणार असतात.

डावीकडून चाला. पुढे जाताना "दादा, उजवीकडून येतोय" असा आवाज द्या. नुसतं "साइड, साइड" ओरडलं की नवखा माणूस गोंधळून नेमका उजवीकडेच येतो. रस्ता बंद नसतो हे लक्षात ठेवा : दुधाच्या मोटारसायकली, बैलगाडी, शेतात निघालेल्या बाया, सगळे त्यांच्या रोजच्या कामाला निघालेले असतात. त्यांच्यावर ओरडायचा तुम्हाला काडीचाही हक्क नाही. स्वयंसेवकाने गाडी जाऊ देण्यासाठी तुम्हाला हळू करायला सांगितलं तर हळू करा.

आपल्या रस्त्यांच्या कडेला सराटे आणि बाभळीचे काटे असतात, त्यामुळे पंक्चर ठरलेलं. ट्यूब, पंप आणि टायर काढायची पट्टी स्वतःजवळ ठेवा, घरी दहा वेळा ट्यूब बदलून पाहा. कोणी अडकलेला दिसला तर ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान त्याला द्यायला नियमाची आडकाठी नसते. आपलं चाक, हेल्मेट किंवा अख्खी सायकल, जिच्यावाचून तुमचीच शर्यत थांबेल, ती मात्र देता येत नाही. थांबायला जमत नसेल तर निदान विचारा, "काही हवंय का?" आणि पुढच्या फाट्यावरच्या स्वयंसेवकाला त्याचा नंबर सांगा.

एनर्जी जेलचं (ताकदीसाठी चोखायच्या गोड पाकाचं) रिकामं पाकीट जर्सीच्या खिशात. शेतात टाकलेलं पाकीट वेचायला कोणी येत नाही, ते तिथल्या गुराच्या पोटात जातं. कचरा टाकायच्या जागा ठरवून दिलेल्या असतात, तिथेच टाका; बाहेर टाकला तर दंड आहे.

पाण्याचं टेबल

इथे एक छोटं कौशल्य लागतं. वीस पावलं आधीच कोणाकडून घ्यायचं ते ठरवा. त्या व्यक्तीच्या डोळ्यांत पाहा, बोट दाखवा, "पाणी" किंवा "इलेक्ट्रॉल" एवढाच शब्द मोठ्याने सांगा. सगळे पहिल्या टेबलावर झडप घालतात, तुम्ही शेवटच्या माणसाकडून घ्या. तिथे गर्दी नसते. वेग थोडा कमी करा. ग्लास चिमटीत वरून धरला की सांडत नाही. पिऊन झाल्यावर ग्लास पिंपात. पिंपापर्यंत पोहोचायला चार पावलं जास्त पडली तर पडू द्या.

दोनच ग्लास घ्या, एक पोटात आणि हवा तर एक डोक्यावर. पाच-सहा ग्लास अंगावर ओतून घेणाऱ्यांमुळे शेवटच्या वीस जणांना टेबल कोरडं मिळतं, आणि ते तर फेब्रुवारीतल्या सकाळी दहाच्या उन्हात धावत असतात. पाणी संपलं म्हणून सांगण्याची पाळी त्या टेबलावरच्या बाईवर येते, आणि तिला ते किती लागतं हे तिच्या तोंडाकडे पाहिल्यावर कळतं.

केळी हमखास असतात, आणि आपल्या रावेर-यावलकडच्या केळीसारखं दुसरं खाणं शर्यतीत नाही. पण साल रस्त्यावर टाकाल तर मागून येणारा घसरेल. साल हातात घेऊन पिंपापर्यंत जा.

गावाजवळच्या टेबलावर एक आजी "पानी ल्या भाऊ, पानी ल्या" म्हणत ग्लास पुढे करतात, तेव्हा तुम्हाला पाणी नको असलं तरी हात जोडा, "नको आजी, झालं" म्हणा. दम लागला असेल तर नुसती मान हलवा. न पाहता निघून जाऊ नका. त्या पहाटेपासून उभ्या असतात.

शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये कोणी भेलकांडताना दिसला तर काय करायचं? २०१६ साली मेक्सिकोत कोसुमेलला ट्रायथलॉनच्या जागतिक मालिकेच्या शेवटच्या शर्यतीत जॉनी ब्राउनली हा ब्रिटिश स्पर्धक पुढे असताना उन्हाने कोलमडला. त्याचा भाऊ अ‍ॅलिस्टरने त्याला खांद्याचा आधार देत शेवटचे काही शे मीटर आणलं आणि रेषेपलीकडे ढकललं. जॉनी दुसरा आला, अ‍ॅलिस्टर तिसरा. तो प्रसंग जगभर पोहोचला. नंतर नियम बदलला : आता एका स्पर्धकाने दुसऱ्याला शरीराचा आधार देऊन पुढे नेलं तर दोघंही बाद होतात. तेव्हा धरून पळवू नका. त्याला सावलीत बसवा, पाणी द्या, स्वयंसेवकाला हाक मारा, वैद्यकीय मदत येईपर्यंत थांबा. तेवढ्यात तुमची दहा मिनिटं जातील. जाऊ द्या. आपल्या उन्हात ती दहा मिनिटं कोणाचा तरी जीव असू शकतात.

रेषेपलीकडे

चिप परत करा, पदक घ्या, फोटोसाठी रेषेवर उभे राहून मागच्यांची वाट अडवू नका.

नियम मोडला म्हणून पंचांनी तुम्हाला कार्ड दाखवलं असेल, वेळेचा दंड झाला असेल किंवा निकालात चूक वाटत असेल, तर मुख्य पंचांकडे, दिलेल्या मुदतीत, लेखी तक्रार करा. नंबर, ठिकाण, साधारण वेळ, एवढं लिहा. टायमिंगच्या टेबलावर बसलेल्या मुलाशी भांडून त्याच्या हातात काही नसतं. पंच किंवा स्वयंसेवकाला शिवीगाळ केली तर बाद ठरवण्याचा अधिकार पंचांना आहे, आणि तो त्यांनी वापरावा असं मला वाटतं. लहान शर्यतीत आयोजक ओळखीचे असतात म्हणून बरेचदा सोडून देतात. त्या ओळखीची किंमत कुठल्या तरी अठरा वर्षांच्या मुलीने का मोजावी?

मग पाणी पिऊन अर्धा तास तिथेच थांबा. शेवटचा स्पर्धक येईल तेव्हा टाळ्या वाजवायला माणसं हवीत. आणि गाडी काढण्याआधी तुमच्या लक्षात राहिलेल्या एका स्वयंसेवकाला शोधा, त्याचं नाव विचारा, नाव घेऊन आभार माना. आयोजकांना संध्याकाळी मेसेज पाठवाल त्यात ते नाव लिहा.

पुढची शर्यत रस्त्याकडेला उभं राहून करा

खरं तर पहिली शर्यत धावण्याच्या आधीच एकदा स्वयंसेवक व्हा, असं मी म्हणेन. ट्रान्झिशन कसं चालतं, लोक कुठे चुकतात, घाबरलेला माणूस कसा दिसतो, हे चार तासांत जेवढं कळतं तेवढं महिनाभर व्हिडिओ पाहून कळत नाही. आयोजकांना निदान पंधरा दिवस आधी सांगा आणि सांगितलंत तर जा. ऐन पहाटे न आलेल्या स्वयंसेवकाच्या जागी दुसरा माणूस नसतो.

साडेचारला पोहोचा. स्वेटर, टोपी, शिट्टी, पाण्याची बाटली, खिशात शेंगदाण्याचा लाडू घ्या, आणि ऊन चढल्यावर डोक्याला बांधायला बागायती रुमाल. आपल्या फाट्यावर स्पर्धकाने कुठून यायचं आणि कुठे जायचं, ते आयोजकांकडून दोनदा विचारून घ्या. हात आडवा, स्पष्ट, लांबूनच दाखवा. तोंडाने दिशा सांगा. तुमच्या समोरून जाणाऱ्या प्रत्येकाचा नंबर वहीत टिपता आला तर टिपा, कोणी हरवलं तर ती वही कामाला येते. जागा मागून घ्यायची असेल तर धावण्याच्या शेवटच्या यू-टर्नची मागा. तिथे शेवटचा स्पर्धक येईपर्यंत थांबावं लागतं, आणि तो आला की पुढचा अर्धा किलोमीटर त्याच्यापासून थोडं अंतर ठेवून, हात न लावता, त्याच्या बाजूने चालत या.